बाजू ब

मुहर्रकमध्ये दुपारी दोन ते चार सगळं झोपतं,
संग्रहालयाच्या तळघरातला एसी सोडून.
तो याकूब सारंगच्या ताब्यात.
"मी दाभोळचा," पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुम्ही?"
मी म्हटलं, सांगलीची.
"म्हणजे समुद्र नाही," असं म्हणून
त्यानं खुर्ची पुढं सरकवली, जराशी कीव करून.

अर्जात एक रकाना आहे: स्रोत.
प्राथमिक की दुय्यम, एकावर खूण करा.
तीन आठवडे मी तो कोरा सोडते आहे.

खोकी सत्तावीस.
रिळं, दमट फुगलेल्या वह्या,
तेल कंपनीतल्या कुणा साहेबाची हौशी टिपणं:
"स्थानिकांचा आरडाओरडा, रात्री उशिरापर्यंत."
एवढंच. तारीख मात्र सुवाच्य.
मुंबईत छापलेली एक तडकलेली तबकडी,
लेबलवरचं गायकाचं नाव कसरीनं खाल्लेलं,
फक्त "बिन" शिल्लक.
इथं त्याचा अर्थ, कुणाचा तरी मुलगा.
माझ्या भाषेत, कशाच्या तरी वाचून.

रीळ क्रमांक अकरा. मोत्यांच्या नावेवरची गाणी.
गायक अज्ञात. बाजू ब खराब, लावू नये.

जुमआन बिन फरजना बाजू अ ऐकवली.
वय विचारलं की ते बोटींची नावं सांगतात.
डोळे मिटून ऐकलं, मग खुदकन हसले.
"अज्ञात? हा माझा मामा.
दुसरी टाळी मागाहून पडते ना?
उजव्या हाताची दोन बोटं दोरानं नेली होती.
तुम्ही काय लिहिलंय तिथं?"
मी लिहिलं होतं, लयीचं वैशिष्ट्यपूर्ण विचलन.
तेही शाईनं.

मग बाजू ब लावलीच.
खरखर. पंखा. कुणीतरी पेला खाली ठेवतं.
आणि खालून, फार खालून, एक घुमणं,
वीस-पंचवीस गळे एकाच तळाला टेकलेले.
त्याला सूर म्हणावं की वजन, ठरेना.
याकूब पाना हातात धरून दारात थांबला.
"दोर ओढताना माझा आजा असंच कायतरी..."
आणि लगेच, "पण हे लिहू नका हां बाई,
ओढताना सगळेच तसं करतात."
मी पेन्सिल ठेवली.
मनात तळटीप चौदा तोवर होऊन गेली होती.

गाता का, म्हटलं तर जुमआननी मान हलवली.
"जमिनीवर? भर दुपारी? ते यंत्र चालू ठेवून?"
कोपऱ्यातला मातीचा घडा ओढला,
माझा तळहात त्याच्या तोंडावर ठेवला
आणि कुशीवर एकच थाप मारली.
कानाला फारसं आलं नाही.
कोपरापर्यंत पोचलं.

पुढचं बोलणं रिळात नाही.
बापाच्या काळी नावेवरचं पाणी संपलं
की एकजण कातडी पिशवी घेऊन बुडी मारायचा.
तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
खाऱ्याच्या पोटात.
पिशवीचं तोंड नेमकं झऱ्यावर दाबायचं,
बोटभर चुकलं की खारट,
आणि वर बारा तहानलेली माणसं शिव्या द्यायला तयार.
"आणि आता?"
"आता भराव घातलाय. वर पार्किंग आहे."
हे त्यांनी दुःखानं नाही सांगितलं,
पत्ता सांगावा तसं सांगितलं.

चार वाजता याकूबनं कुलूप लावलं.
"घावलं का काय?"
मी नुसतीच हसले.
पार्किंगमध्ये टॅक्सीची वाट बघताना
पायाखालचं डांबर चपलेतून भाजत होतं
आणि आठवलं, विचारायचं राहिलंच,
पिशवी कशानं दाबायचे,
अंगठ्यानं, की अख्ख्या तळहातानं,
आणि वर येताना श्वास उरलेला असायचा का
त्या पहिल्या हाकेपुरता.